'अमेरिकन सायको': इतकं गाळूनही चित्रपट कादंबरीशी प्रामाणिक राहिला का?

गवतफुला

नमस्कार मंडळी. धाग्यात शेवटासकट सगळं उघड होणार आहे. चित्रपट पाहायचा राहिला असेल तर आधी पाहून या, मग गप्पा मारू.

'अमेरिकन सायको' मी पहिल्यांदा मैत्रिणीकडच्या डीव्हीडीवर पाहिला, त्यानंतर आणखी तीनदा. गोष्ट न्यूयॉर्कमधल्या पॅट्रिक बेटमन या तरुण, श्रीमंत बँकरची, जो एकीकडे खून करत सुटतो. ब्रेट ईस्टन एलिसची १९९१ ची मूळ कादंबरी मात्र गेल्या महिन्यात हातात घेतली आणि दोनदा अर्ध्यात मिटून ठेवली. सुरुवातीची बरीच पानं मी हसत होते. कोणी कुठल्या कंपनीचा सूट घातलाय, कुठल्या रेस्टॉरंटात टेबल मिळालं, कोणाचा टाय कोणापेक्षा सरस. आपल्याकडे पूर्वी लग्नात लाउडस्पीकरवरून आहेर पुकारायचे ना, 'अमुक यांच्याकडून स्टीलची कळशी', तशी ती नावांची माळ चालूच राहते. मग एका पानावर हसू थांबलं. पुढे जे येतं ते वाचताना पोटात अक्षरशः ढवळलं. तिसऱ्या प्रयत्नात कशीबशी संपवली.

दिग्दर्शिका मेरी हॅरन आणि तिची सहपटकथाकार ग्विनेव्हिअर टर्नर यांनी यातलं बहुतेक सगळं क्रौर्य गाळलं. चित्रपटात घाव बसतो तेव्हा कॅमेरा बहुतेक वेळा मारणाऱ्याच्या चेहऱ्यावर असतो. तरीही मला पुस्तकापेक्षा चित्रपटाची भीती जास्त वाटते आणि ती जास्त दिवस टिकते.

इतकं गाळून केलेल्या रूपांतराला प्रामाणिक म्हणायचं का? की ती हिंसा हाच त्या उपहासाचा कणा होता, आणि तो काढल्यावर उरली ती वेगळीच गोष्ट? माझं मत 'प्रामाणिक आहे' असं आहे, पण का ते मला नीट मांडता येत नाहीये. म्हणून हा धागा.

बोरीबंदर

जागा धरून ठेवतो. शनिवारी पुन्हा पाहतो आणि लिहितो.

तिठा

माझं मत उलट आहे. कादंबरीत पॅट्रिक बेटमन सुटाचं कापड, चेहऱ्याला लावायचं क्रीम आणि माणसाचं फाडलेलं शरीर या तिन्हींबद्दल एकाच सुरात बोलतो. आवाज ना वर जातो, ना खाली. त्या सपाट सुरातच एलिसचा सगळा राग भरलेला आहे. जो समाज माणसाची किंमत कपड्याच्या लेबलावरून ठरवतो, त्याला माणूस आणि वस्तू यातला फरक कळेनासा होतो. हे वाचकाला नुसतं सांगून भागत नाही, अंगावर यावं लागतं. मळमळ व्हावी लागते. तुम्ही पुस्तक दोनदा मिटलंत तिथेच पुस्तकाने काम केलं.

संगीताची प्रकरणं घ्या. जेनेसिस, व्हिटनी ह्यूस्टन, ह्यूई लुईस अँड द न्यूज यांच्यावर कादंबरीत स्वतंत्र प्रकरणं आहेत. वर्तमानपत्रातल्या परीक्षणासारखी, गुळगुळीत. भयंकर काही वाचून आपण सुन्न असतो आणि पान उलटलं की हा शांतपणे एका बँडच्या कारकिर्दीचा आढावा घेत बसलेला. चित्रपटाने ती भाषणं खुनाच्या किंवा शय्यादृश्याच्या आधी त्याच्या तोंडी घातली आणि प्रेक्षक हसतो. कादंबरीत त्या जागी हसू येत नाही. मला तो बदल सोपा वाटतो.

काजवा

तिठा, बाकी सगळं पटलं, पण संगीताच्या जागी मी तुमच्या विरुद्ध उभा आहे. रूपांतर म्हणजे काय हे कोणाला शिकवायचं असेल तर मी तोच बदल दाखवेन.

कागदावर ती प्रकरणं आपण चाळून पुढे जाऊ शकतो, मी गेलो होतो. पडद्यावर जाता येत नाही. जमिनीवर वर्तमानपत्रं पसरलेली, अंगात पारदर्शक रेनकोट, हातात कुऱ्हाड, आणि हा माणूस मनापासून एका गाण्याचं मोठेपण समजावून सांगतोय. समोर जेरेड लेटोचा पॉल अ‍ॅलन दारूच्या नशेत रेललेला. (कादंबरीत त्याचं आडनाव ओवेन आहे.) ऐकत कोणीच नाहीये. मला तिथे धडकी भरते ती कुऱ्हाडीमुळे नाही.

पूर्ण चित्रपटभर तो कबुली देत फिरतोय. क्लबमध्ये एक मुलगी विचारते, काम काय करतोस? तो म्हणतो, 'मर्डर्स अँड एक्झिक्यूशन्स'. ती ऐकते 'मर्जर्स अँड अ‍ॅक्विझिशन्स', म्हणजे कंपन्यांची खरेदी-विक्री, आणि आपल्या ओळखीच्यांबद्दल बोलायला लागते. कादंबरीतली ही कोटी पडद्यावर मोठ्याने उच्चारली जाते तेव्हा ती कोटी राहत नाही. 'मला थांबवा' असं ओरडणारा माणूस आणि आजूबाजूला बहिरं शहर.

मु_पो_एडिसन

थोडा इतिहास. मी इथे न्यू जर्सीत लायब्ररीत काम करते, त्यामुळे या पुस्तकाची कुळकथा गोळा करण्याचा मला नाद आहे.

सायमन अँड शुस्टर या प्रकाशनसंस्थेने पुस्तक छापायची सगळी तयारी केली होती आणि नोव्हेंबर १९९० मध्ये, प्रकाशनाला थोडेच आठवडे उरले असताना, हात वर केले. हस्तलिखितातले उतारे आधीच बाहेर फुटले होते आणि गदारोळ चालू झाला होता. मग व्हिंटेज या दुसऱ्या प्रकाशनाने ते घेतलं आणि १९९१ च्या मार्चमध्ये थेट पेपरबॅकमध्ये आणलं. तेव्हा क्नॉफ आणि व्हिंटेज या प्रकाशनांचे प्रमुख होते सनी मेहता, आपले दिल्लीत जन्मलेले. हे कळल्यावर मला फार कौतुक वाटलं. सगळे हात झटकत असताना ते पुस्तक घेणं सोपं नव्हतं.

'नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेन' या संघटनेच्या लॉस एंजेलिस शाखेने बहिष्काराची हाक दिली. एलिस तेव्हा २७ वर्षांचा होता, त्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. जर्मनीत काही वर्षं हे पुस्तक अल्पवयीनांना विकायला बंदी होती. ऑस्ट्रेलियात ते फक्त प्रौढांना, प्लॅस्टिकच्या वेष्टनात विकलं जायचं.

ग्लोरिया स्टाइनमसारख्या मोठ्या स्त्रीवादी लेखिकेने या कादंबरीला विरोध केला होता. चित्रपट २००० च्या एप्रिलमध्ये लागला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिने डेव्हिड बेलशी लग्न केलं. म्हणजे पॅट्रिक बेटमन साकारणाऱ्या ख्रिश्चन बेलची ती सावत्र आई झाली.

शेवंता

काय सांगताय! मी हे वाचून मोठ्याने 'अगं बाई' म्हणाले आणि ऑफिसातल्या दोघींनी मान वळवून पाहिलं. त्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर हा विषय निघाला असेल का, याचाच विचार दिवसभर करणार आता मी.

हिरवा_चाफा

मला या विषयावर बोलायचंच होतं, पण माझी बाजू जरा वेगळी आहे.

माझा लेक १७ वर्षांचा आहे. मध्यंतरी त्याच्या मोबाइलच्या पडद्यावर एका माणसाचा फोटो दिसला. चकचकीत चेहरा, कानात हेडफोन, कडक सूट. विचारलं, हा कोण? म्हणाला, "आई, हा पॅट्रिक बेटमन. एकदम भारी माणूस आहे. कोणाचं ऐकत नाही, रोज व्यायाम करतो, स्वतःची काळजी घेतो." मी म्हटलं, आणि काय करतो? म्हणे, "ते माहीत नाही, मी पिक्चर नाही पाहिला." त्याने पाहिले होते ते पंधरा-पंधरा सेकंदांचे तुकडे, त्यांना ठेक्याचं संगीत लावलेलं, खाली 'सिग्मा' (म्हणजे कोणाची पर्वा न करणारा, एकट्याने चालणारा पुरुष) असं लिहिलेलं. त्याच्या वर्गातल्या निम्म्या मुलांना हा माणूस माहीत आहे आणि चित्रपट कोणालाच माहीत नाही.

मी एकटीने बसून तो पाहिला. दोन रात्री झोप नीट लागली नाही. ज्या माणसाची टिंगल करण्यासाठी दोन बायकांनी एवढा खटाटोप केला, तोच माझ्या मुलाचा आदर्श होऊन बसलाय, हे मला फार लागलं. त्याला ओरडावंसं वाटलं, पण ओरडले नाही. चित्रपट प्रौढांसाठीचा आहे म्हणून सगळा दाखवला नाही, गोष्ट मात्र पूर्ण सांगितली, आणि व्हिजिटिंग कार्डाचा प्रसंग आम्ही शेजारी बसून पाहिला. त्याला म्हटलं, कार्डं नीट बघ, थांबवून बघ. सगळ्यांची पदं सारखीच, व्हाइस प्रेसिडेंट. फोन नंबर सगळ्यांचा एकच. 'अ‍ॅक्विझिशन्स' या शब्दाचं स्पेलिंगही सगळ्या कार्डांवर चुकलेलं. आणि हे लोक कागदाचा रंग आणि अक्षराचं वळण यावरून घामाघूम होतात.

बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आई, पण ह्याला तर कोणी ओळखतच नाही. सगळे दुसऱ्याच नावाने हाक मारतात."

फोटो अजून मोबाइलवर आहे. पण मला तुम्हा सगळ्यांना विचारायचंय, उपहास इतका उलटा कसा पोचतो? चूक चित्रपटाची की तुकडे करणाऱ्यांची?

तिठा

हिरवा_चाफा, तुमच्या लेकाचं ते वाक्य मी वहीत उतरवून ठेवतोय. आणि माझं म्हणणं मला त्यातच दिसतं. ख्रिश्चन बेल देखणा आहे, त्याचं शरीर घडवलेलं आहे, प्रकाशयोजना सुंदर आहे. कादंबरीतला बेटमनही देखणाच, पण तो आपल्याला बाहेरून दिसत नाही, आपण त्याच्या डोक्यात अडकलेलो असतो आणि तिथून पळून जावंसं वाटतं. त्या पुस्तकातून पंधरा सेकंदांचा आकर्षक तुकडा काढून दाखवा. नाही काढता येणार. गाळलेली हिंसा त्याला मोहक होऊ देत नव्हती.

गवतफुला

तिठा, या मुद्द्यावर मी अडखळले हे कबूल करते. विचार करून येते.

काळी_मैना

मी २००६ ते २०१० मुंबईत एका गुंतवणूक बँकेत होते, अ‍ॅनालिस्ट म्हणून. नाव सांगत नाही. हा चित्रपट तिथल्या एका सहकाऱ्याने 'धमाल कॉमेडी आहे, नक्की बघ' म्हणून दिला. मला एकदाही हसू आलं नाही.

आमच्या विभागात आम्ही दोघीच मुली. साहेब मला तब्बल आठ महिने दुसरीच्या नावाने हाक मारत होते. पहिल्यांदा सुधारलं, दुसऱ्यांदा सुधारलं, मग सोडून दिलं. रात्री दोनपर्यंत बसून मी केलेल्या कामाचं कौतुक मीटिंगमध्ये तिच्या नावाने झालं. ती बिचारी माझ्याकडे बघून लाजली, तिचाही काय दोष? तिच्या चुकीची बोलणी मी खाल्ली. मी नोकरी सोडली त्या दिवशी निरोपाच्या मेलमध्ये सुद्धा तिचं नाव होतं.

पॉल अ‍ॅलन बेटमनला मार्कस हॅल्बरस्ट्रम समजतो. शेवटी त्याचा स्वतःचा वकील त्याला डेव्हिस म्हणतो, आणि बेटमनने फोनवर रडत दिलेली खुनांची कबुली ही मस्त गंमत होती असं सांगून हसतो. हे पाहताना माझे हात गार पडले होते. माणसं एकमेकांच्या जागी बसवता येतात, नावं कुठलीही चालतात, काम थांबत नाही. लोक याला अतिशयोक्ती म्हणतात. मी तिथे चार वर्षं बसले आहे, मला ती अतिशयोक्ती वाटली नाही. रक्त वगळा, बाकी सगळं मी पाहिलंय.

त्यामुळे गवतफुला, माझ्यापुरतं उत्तर असं की हिंसा गाळल्याने माझ्यासारखीला हा चित्रपट पाहता आला. कादंबरी मी पन्नास पानांवर सोडली असती आणि मला जे ओळखायचं होतं ते ओळखायचं राहून गेलं असतं.

मीठभाकर

काळी_मैना, फार मनापासून लिहिलंत. त्या दुसऱ्या मुलीशी अजून बोलणं आहे का?

काळी_मैना

आहे ना! दर वाढदिवसाला आम्ही एकमेकींना स्वतःच्याच नावाने शुभेच्छा पाठवतो.

बोरीबंदर

शनिवारी पाहिला, लिहायला आलो. काळी_मैनांचा प्रतिसाद वाचून माझं अर्धं लिखाण मी पुसून टाकलं, कारण मी तो विनोदी चित्रपट म्हणूनच लिहिणार होतो.

पडद्यामागची गोष्टही या चर्चेला लागू आहे. निर्माता एडवर्ड प्रेसमन १९९२ पासून या कादंबरीच्या मागे होता. आधी डेव्हिड क्रोननबर्ग दिग्दर्शन करणार होता. एलिसने स्वतः त्याच्यासाठी पटकथा लिहिली, तिचा शेवट वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या माथ्यावर गाण्याने होत होता. ते बारगळलं. मग हॅरन आली, तिने टर्नरबरोबर पटकथा केली आणि बेलला निवडलं. १९९८ मध्ये 'टायटॅनिक'च्या लाटेवर स्टुडिओने लिओनार्डो डिकॅप्रिओला २ कोटी डॉलर देऊ केले. हॅरन बेलसाठी अडून बसली, तर तिलाच बाजूला केलं आणि ऑलिव्हर स्टोनला आणलं. पुढे डिकॅप्रिओ गेला, स्टोनही गेला, आणि हॅरन परत आली, बेललाच घेऊन. चित्रपट झाला साधारण ७० लाख डॉलरमध्ये, म्हणजे एकट्या डिकॅप्रिओला देऊ केलेल्या रकमेच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्यात.

आणि सेन्सॉरची गंमत ऐका. अमेरिकेतल्या वर्गवारी मंडळाने आधी सगळ्यात कडक शिक्का मारला तो कुऱ्हाडीसाठी किंवा करवतीसाठी नाही, दोन स्त्रियांबरोबरच्या शय्यादृश्यासाठी. त्यातले काही सेकंद कापल्यावर शिक्का सौम्य झाला. करवत जशीच्या तशी राहिली.

आडवाट

जरा विषयांतर. वर सगळेजण 'उपहास' म्हणत आहेत, पण मराठीत आपल्याकडे तीन वेगळी भांडी आहेत. विडंबन म्हणजे एखाद्याची लकब उचलून ती फुगवून दाखवणं. उपरोध म्हणजे एक बोलणं आणि दुसरं सुचवणं. उपहास म्हणजे समोरच्याला हसून त्याची लायकी दाखवणं. कादंबरीत मला तिन्ही दिसतात. ब्रँडच्या याद्या हे विडंबन, संगीताची परीक्षणं हा उपरोध, आणि डोनाल्ड ट्रम्पला देव मानणारा बेटमन हा उपहास. (१९९१ चं पुस्तक आहे हे लक्षात घ्या, तेव्हा ट्रम्प न्यूयॉर्कचा बिल्डर होता.)

पडद्यावर विडंबन लगेच उमटतं, उपहासही उमटतो. उपरोध मात्र दाखवणं सगळ्यात कठीण, कारण कॅमेरा जे दाखवतो ते खरंच वाटतं. हिरवा_चाफांच्या लेकापर्यंत नेमका तोच पोचला नसावा.

सायंकाळ७

+१. आणि हे शाळेत असं शिकवलं असतं तर मला मराठीत दहा गुण जास्त मिळाले असते.

अंबोली

विषयांतराला आणखी एक फांदी. 'सखाराम बाइंडर' १९७२ मध्ये आलं तेव्हा आपल्याकडेही हेच झालं होतं. नाटकांच्या परिनिरीक्षण मंडळाने अडवलं, दिग्दर्शक कमलाकर सारंग कोर्टात गेले आणि जिंकले. माझे वडील तेव्हा दादरला राहत होते. ते सांगायचे, नाटक न पाहिलेले लोक त्याबद्दल सगळ्यात मोठ्याने बोलत होते. वडिलांनी ते पाहिलं आणि घरी येऊन आईला एवढंच म्हणाले, "तुला नेत नाही, तू रडशील." आई हट्टाने एकटी गेली. रडली नाही. परत आल्यावर चार दिवस ती वडिलांशी जरा वेगळ्या आवाजात बोलायची, असं आजी सांगायची.

वाईट पुरुषाला जवळून दाखवणं म्हणजे त्याला मान देणं नव्हे, हे आईला न सांगता कळलं होतं.

दगडूशेट_नाही

खून खरंच होतात की सगळं त्याच्या मनात? यावर कोणीच बोललं नाही अजून. एटीएम त्याला मांजर खायला घाल म्हणतं तिथून पुढे मला सगळंच भास वाटतं.

काजवा

हॅरनने मुलाखतींत स्पष्ट सांगितलंय, सगळं स्वप्न होतं असं तिला सुचवायचं नव्हतं. लोक तसं समजले ही आपल्या शेवटाची चूक झाली असं ती म्हणते. एटीएमचा प्रसंग आणि पोलिसांच्या गाड्या त्याच्या गोळीबारात पेटतात तो भाग भास आहेच. पण म्हणून आधीचं सगळं भास ठरत नाही.

पॉल अ‍ॅलनच्या फ्लॅटचा प्रसंग पुन्हा पाहा. बेटमन तिथे जातो तर भिंतींना ताजा रंग, प्रेतं गायब, आणि घर विकणारी बाई गिऱ्हाइकांना घर दाखवतेय. ती त्याला शांतपणे सापळ्यात पकडते, "तुम्ही वर्तमानपत्रात जाहिरात पाहिलीत ना?" तो हो म्हणतो. ती म्हणते, जाहिरात दिलेलीच नाही, आणि सांगते, निघा, पुन्हा येऊ नका. काय झालंय ते तिला ठाऊक आहे आणि ती ते पुसून घर विकतेय, असंच मी वाचतो. मोक्याच्या जागेचा भाव पडायला नको म्हणून.

बोरीबंदर

आमच्या इमारतीत एका घरात अपमृत्यू झाला होता. तीन महिन्यांत रंग काढून घर विकलं, घेणाऱ्यांना कोणीही काही सांगितलं नाही. मीही नाही. ते कुटुंब रोज लिफ्टमध्ये भेटतं आणि दरवेळी मला ते आठवतं. काजवांचं वाचन मला शंभर टक्के पटलं.

कात्री

मी बावीस वर्षं संकलनात आहे, जास्त करून मालिका, तीन चित्रपट. तिठांच्या मुद्द्यावर बोलतो.

विलेम डॅफो यात गुप्तहेर किंबॉल आहे. हॅरनने त्याच्याकडून चौकशीचे प्रसंग तीन प्रकारे करून घेतले. एकदा बेटमनच खुनी आहे हे त्याला माहीत आहे असं धरून, एकदा माहीत नाही असं, एकदा खात्री नाही असं. संकलनात तिन्ही मिसळले. म्हणून तो माणूस एका वाक्याला मित्र वाटतो आणि पुढच्याच वाक्याला फास. हे कादंबरीत करता येणार नाही, कारण तिथे 'मी' एकच आहे.

कादंबरी जवळजवळ पूर्ण बेटमनच्या 'मी'मध्ये आहे. त्यामुळे तिथल्या बायकांना चेहरा नाही, कारण त्याला तो दिसत नाही. कॅमेरा कितीही त्याच्याजवळ ठेवला तरी खोलीतल्या दुसऱ्या माणसाचा चेहरा टिपावाच लागतो. हॅरनने त्याचा पूर्ण फायदा घेतला. रस्त्यावरून आणलेली ती ख्रिस्टी बघा. कारा सेमूर ही नटी फार कमी बोलते. तिच्या डोळ्यांत आधी सावधपणा, मग कंटाळा, मग भीती. दुसऱ्यांदा ती गाडीत बसायला तयार नसते, आधीच्या वेळी तिला दवाखान्यात जावं लागलेलं असतं. तरी पैसे बघून बसते. मी तो शॉट थांबवून किती वेळा पाहिलाय. पुढे ती इमारतीत दारं ठोकत, किंचाळत धावते आणि एकही दार उघडत नाही. एवढ्या महागड्या इमारतीत.

तिठा, तुम्ही म्हणता हिंसा गाळली म्हणून तो मोहक झाला. मी म्हणतो, हिंसेच्या जागी तिने चेहरे ठेवले. तुकडे कापणारे नेमके ते चेहरे कापून टाकतात.

तिठा

कात्री, तुमच्या शेवटच्या वाक्यावर मी बराच वेळ थांबलो. पूर्ण माघार घेत नाही. कादंबरीची मळमळ मला अजूनही आवश्यक वाटते, आणि ती पडद्यावर आली नाही हेही खरंच. पण तिच्या बदल्यात काहीच आलं नाही असं मी समजत होतो, ते चूक होतं.

मायेची_ऊब

मी चित्रपट ख्रिस्टी दुसऱ्यांदा गाडीत बसते तिथेच बंद केला होता आणि परत लावणार नाही. कोणी 'पूर्ण बघायला हवा होता' म्हणू नका. मी एका आधारगृहात काम करते. मला पुढचं ठाऊक असतं.

गवतफुला

कोणी म्हणणार नाही, ताई. लिहिलंत हेच खूप.

मु_पो_एडिसन

ताजी माहिती: लायन्सगेट स्टुडिओने २०२४ मध्ये दिग्दर्शक लुका ग्वादान्यिनो नवं रूपांतर करणार असं जाहीर केलंय. त्याआधी २०१३ मध्ये लंडनला आणि २०१६ मध्ये ब्रॉडवेवर संगीत नाटकही झालं. आता तुकड्यांच्या जमान्यात ही गोष्ट परत कोणी कशी सांगणार, याची मला खरंच काळजी वाटते.

गवतफुला

काल रात्री पाचव्यांदा पाहिला, हा धागा शेजारी उघडा ठेवून.

जीन. त्याची सेक्रेटरी, क्लोई सेव्हिनी. तो तिला घरी बोलावतो, ती सोफ्यावर बसून आपल्या स्वप्नांबद्दल बोलत असते आणि तो तिच्या डोक्यामागे खिळे मारायची बंदूक धरून उभा असतो. ती वळत नाही. तेवढ्यात फोनवर त्याच्या वाग्दत्त वधूचा निरोप वाजतो आणि तो जीनला म्हणतो, तू जा, थांबलीस तर माझ्या हातून तुला इजा होईल. तिला वाटतं, मन दुखावण्याबद्दल बोलतोय. तिथेही ऐकणं चुकतंच.

शेवटाकडे तो फोनवर रडतो, ऑफिसला येत नाही. जीन त्याच्या टेबलाचा खण उघडते. डायरी असते. ती पानं उलटते आणि पानापानावर चितारलेल्या, कापलेल्या, टोचलेल्या बायका. बेटमन त्या खोलीत नाही. इतका वेळ आपण सतत त्याच्याबरोबर होतो आणि आता कॅमेरा त्याला सोडून तिच्याजवळ थांबलाय. ती काही बोलत नाही. तोंडावर हात जातो. तिकडे बारमध्ये वकील त्याला हसून सांगतो की पॉल अ‍ॅलनबरोबर मी लंडनमध्ये जेवलोय, मित्र टीव्हीवरच्या रेगनबद्दल बोलतात आणि विषय बदलतात. त्याची कबुली कोणीही घेत नाही. इकडे मात्र एक बाई मान खाली घालून एक-एक पान वाचतेय.

इतक्या माणसांत तीच एकटी त्याचं म्हणणं पूर्ण वाचते. मला इतकी वर्षं जी भीती वाटत होती ती बेटमनची नव्हती, आपण त्या खुर्चीत बसलोय याची होती. कादंबरी वाचताना मीही तेच करत होते ना, तोंडावर हात ठेवून पानं उलटत होते. हॅरनने पुस्तकातलं क्रौर्य त्या डायरीत ठेवलं आणि ते वाचणारी बाई आपल्याला दाखवली. म्हणून मी 'प्रामाणिक' म्हणते.

कात्री

हे मला इतक्या वर्षांत दिसलं नव्हतं. उद्या पुन्हा लावतो.

हिरवा_चाफा

वरचा प्रतिसाद लेकाला मोठ्याने वाचून दाखवला. तो विचारतोय, जीनचं पुढे काय होतं? ती पोलिसांकडे जाते का?

तिठा

चित्रपटात ते दाखवलेलं नाही. त्याला विचारा, त्याला काय वाटतं.